घोडा आहे, मैदान कोठे आहे?

पर्यटनाच्या जाहिरातींत अलीकडे एक नवे चित्र दिसू लागले आहे. रानाच्या कडेला पांढऱ्या कापडाचे तंबू, तंबूंपुढे शेकोटी, थोड्या अंतरावर मेखांना बांधलेले घोडे आणि सकाळी त्याच घोड्यांवरून रानवाटांनी फेरफटका. अमेरिकेत व युरोपात घोड्यासह मुक्काम करण्याच्या अशा जागा पुष्कळ आहेत. सुखवस्तू माणसांचा तो सुटीतला छंद आहे आणि त्यात वावगे काही नाही. महाराष्ट्रातही त्याचे अनुकरण सुरू झाले आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरत आला. गेल्या दशकात पर्यटन खात्याने त्याला ‘चेतक महोत्सवा’चे रूप दिले आणि बाजाराशेजारी पाहुण्यांसाठी तंबूंची वसाहत उभारली. उद्या माहूरच्या डोंगरांसाठी अशीच कल्पना कोणी मांडली तर आश्चर्य वाटायला नको. रेणुका, दत्त आणि अनसूया यांची तीन शिखरे, सागाचे रान, जवळून वाहणारी पैनगंगा, जुना किल्ला आणि डोंगराडोंगरांतून जाणाऱ्या पायवाटा असे जाहिरातदाराला हवे ते सारे तेथे आहे.

या चित्रातून मात्र एक मोठा समाज वगळला गेला आहे. घोड्यासह उघड्यावर मुक्काम करणे हा ज्यांचा छंद नसून प्रपंच आहे, अशी हजारो कुटुंबे महाराष्ट्रात आजही फिरत आहेत. हौसेने तंबू ठोकणाऱ्याला सरकार जागा, पाणी, वीज आणि संरक्षण देते व त्या खर्चाची नोंद विकासाच्या खात्यावर करते. पोटासाठी पाल ठोकणाऱ्याला मात्र तलाठी, वनरक्षक आणि पोलीस पाटील असे तिघे पाळीपाळीने येऊन उठवतात. हा भेद कशाच्या आधारावर केला जातो, हे तपासून पाहिले पाहिजे.

पावसाळा सरला की धनगरांचे वाडे घराबाहेर पडतात. वाडा म्हणजे येथे चौसोपी इमारत नव्हे. चार-सहा कुटुंबांनी आपल्या मेंढ्या एकत्र करून चालविलेला फिरता संसार. पुढे मेंढरे व त्यांच्याबरोबर पुरुष, मागून घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड आणि ते घेऊन येणाऱ्या बायका. भांडीकुंडी, पिठाची पोती, पालाचे कापड, मेंढ्या कोंडण्याची वाघर, आदल्या रात्री जन्मलेली कोकरे, कोंबड्या, प्रसंगी तान्हे मूल, हे सारे घोड्याच्या पाठीवर असते. कोठे उतरायचे, पाणी कोठून आणायचे, घोडी कोठे चरायला सोडायची, याचा निर्णय बहुधा बायकाच करतात. मेंढरांमागून फिरणारे पुरुष मुक्कामावर पोचतात तोवर चूल पेटलेली असते. नांदेड, हिंगोली, परभणी, वाशीम या पट्ट्यात हटकर धनगरांची वस्ती मोठी आहे. शिवाय काठेवाडी म्हणून ओळखले जाणारे गुजरातेतील पशुपालक उंटांवर बिऱ्हाड लादून विदर्भ-मराठवाड्यात फिरतात. जनावर निराळे, पण त्यांचाही प्रश्न तोच.

या भटकंतीला अर्थशास्त्र नाही असे समजणे चूक आहे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, जमिनीला लेंडीखत मिळते आणि त्याचा मोबदला म्हणून तो धान्य किंवा पैसे देतो. सरकारी अनुदानाची पै न घेता चालणारा हा खतपुरवठा आहे, आणि त्याची वाहतूक घोडा करतो. परंतु या व्यवहाराला पडीक रान लागते. विहिरी, कूपनलिका व कालवे आले, खरिपामागून रब्बी आणि रब्बीमागून ऊस उभा राहू लागला. सुगीनंतर मोकळे राहणारे रान कमी झाले. शेतकऱ्याचे आमंत्रण असेल त्या रात्री वाड्याला जागेची चिंता नसते. चिंता असते ती दोन आमंत्रणांमधल्या रात्रींची. पूर्वी त्या रात्री गायरानात, नदीच्या पात्राकडेला, जंगलाच्या तोंडाशी निघून जात. आज नेमके येथेच घोडे पेंड खाते.

भीमथडीच्या घोड्याची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. भीमेच्या खोऱ्यातले हे काटक, बुटके, कमी चाऱ्यावर निभावणारे तट्टू मराठ्यांच्या स्वाऱ्यांत गाजले. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यगीताचा मान मिळाला; त्यात या तट्टांचा उल्लेख आहे. योगायोग असा की त्याच वर्षी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. इंग्रजी अमदानीत संपली असे ज्या जातीविषयी लिहिले जात होते ती इतकी वर्षे कोणी सांभाळली? संस्थानिकांच्या पागांनी नव्हे, शर्यतीच्या शौकिनांनीही नव्हे. ती सांभाळली धनगर व इतर भटक्या पशुपालकांनी, कोणत्याही वंशावळीच्या वहीशिवाय, केवळ बिऱ्हाड वाहण्याच्या गरजेपोटी. राज्याने घोड्याचा गौरव केला, शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली; तो घोडा आज रात्री कोणत्या जमिनीवर उभा राहणार हे विचारणे तेवढे दोघांच्याही कक्षेबाहेर राहिले.

माळेगावच्या यात्रेत हा प्रश्न एकवटलेला पाहायला मिळतो. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. खंडोबा स्वतः घोड्यावरचा देव. धनगराच्या घरची बाणाई ही त्याची बायको. त्यामुळे या यात्रेत घोड्याला बाजारमूल्याइतकेच धर्ममूल्यही आहे. मराठवाड्याबरोबरच कर्नाटक, तेलंगण, आंध्र येथून घोडे, गाढवे, उंट येतात. लाल कंधारी व देवणी गुरे येतात. कृषिप्रदर्शन, कुस्त्या, लावणीचा फड असा सरकारी कार्यक्रम जिल्हा परिषद आखते. वर्तमानपत्रांत मोठ्या किमतीच्या घोड्याचे छायाचित्र छापून येते आणि त्याच्या खाण्यातल्या तुपा-बदामाची वर्णने येतात. त्या घोड्याचा मालक व्यापारी नसतो. तो मिरवायला आलेला असतो. यात्रेचा खरा भार उचलणारा निराळाच. दोन-चार तट्टे घेऊन आलेला, विक्री होईपर्यंत कापडाच्या आडोशाला राहणारा तो लहान विक्रेता, आणि गाढव विकत घ्यायला आलेला वडार, बेलदार, कुंभार.

या लहान विक्रेत्याचा हिशेब कोणी मांडून पाहावा. लहान चणीच्या तट्टाला दिवसाकाठी पाच-सहा किलो सुका चारा लागतो, पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे म्हणून चंदीही चारावी लागते. मुक्काम जितका लांबेल तितका हा खर्च चढत जातो. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो भावासाठी थांबू शकतो. ज्याने येण्यासाठीच उसने काढले आहेत तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडेल त्या भावाला जनावर देऊन मोकळा होतो. म्हणजे मुक्कामाच्या जागेवर पाणी व वैरण सार्वजनिक दराने मिळते की नाही, यावर घोड्याचा भाव ठरतो. बाजारपेठेच्या पाठ्यपुस्तकात विक्रेत्याच्या थांबण्याच्या शक्तीला महत्त्व देतात. ही शक्ती म्हणजे येथे कडब्याची पेंढी आणि पाण्याचा हौद. कृषी उत्पन्न बाजार समितीत शेतमालासाठी गुदाम असावे हे आपण मान्य केले. घोड्याच्या बाजारात तळ हेच गुदाम आहे.

यात रोगाची जोखीम आणखी भर घालते. ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. त्यावर जनावरासाठी उपचार केला जात नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार बाधित जनावर मारून टाकावे लागते. त्याची भरपाई घोड्याला पंचवीस हजार रुपये आहे. जनावराच्या रक्ताची तपासणी पत्करायची तर भरपाईवर विश्वास हवा. भरपाई अपुरी किंवा लांबलेली असेल, तर गरीब मालक तपासणी चुकवील आणि रोग यात्रेतून यात्रेत फिरेल. तेव्हा तळाच्या ठिकाणी पशुवैद्य बसवणे ही भटक्यांवर दया नव्हे. स्थायिकांच्या जनावरांचेही रक्षण त्यातच आहे.

घोडे कमी होत आहेत, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे ३ लाख ४२ हजारांच्या घरात आली. २०१२ मध्ये ती सव्वासहा लाख होती. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट झाली. गाढवांची घट एकसष्ट टक्के आहे. परंतु ही घट सर्व थरांत सारखी झाली असे मानता येत नाही. ज्याला टेम्पो घेणे परवडले त्याने घोडा विकला. मागे राहिले ते दोन टोकांचे मालक: एकीकडे शौकीन, दुसरीकडे टेम्पोही न परवडणारे आणि रस्त्याबाहेरच्या वाटांवर जगणारे. संख्या घटत असताना उरलेल्यांतील गरिबांचे हाल वाढत जातात, हा अनुभव हातमागापासून बैलगाडीपर्यंत अनेक धंद्यांत आलेला आहे.

माहूरच्या परिसरात या स्थित्यंतराचा एक जुना पाठ डोळ्यांसमोर आहे. माहूर व किनवट तालुक्यांत गावोगाव ‘तांडा’ म्हणून वस्त्या आहेत. तांडा हा शब्द मुळात वस्तीचा नव्हे. धान्य, मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर नेणाऱ्या बंजाऱ्यांचा चालता काफिला आणि त्याचा तळ म्हणजे तांडा. सैन्यांना रसद पुरवणारे हे लोक होते. आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या, मिठाचा व्यापार सरकारी मुठीत गेला आणि तांड्याचे चालणे थांबले. जेथे थांबले तेथे त्यांच्या नावे जमीन नव्हती. पुढच्या पिढ्या ऊसतोडीच्या फडांवर गेल्या आणि पुन्हा एकदा कोपीत राहू लागल्या. दळणवळणातील क्रांतीने वाहतूकदाराला मजूर केले. त्याच्या मुक्कामाच्या हक्काची नोंद कोणी केली असती तर निदान थांबताना त्याच्या पायाखाली काही भुई राहिली असती.

त्याआधीच्या काळात घोड्यांचा तळ हा थेट राज्यकर्त्यांचा विषय होता. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात माहूर हे एका सरकारचे ठिकाण होते. माहूरच्या देशमुखीण सावित्रीबाई, ज्यांना ‘रायबागन’ हा किताब मिळाला, त्या १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या सैन्याबरोबर होत्या. अशी घोडदळे जेथे उतरत तेथील कुणब्याचे काय होई हे सांगायला नको. चारा आणि धान्य गोळा करायला निघालेली कही शिवारात शिरली की उभे पीक गेलेच. शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वैरण आणि दाणा पावसाळाभर पुरेल असा जपून वापरा, नाही तर घोडी उपाशी मरतील. रयतेच्या काडीलाही हात लावू नका. गवताच्या गंजीजवळ उघडा विस्तव वा दिवा ठेवू नका, असा त्यातला आशय आहे. आज ते पत्र रयतेवरील ममतेचा पुरावा म्हणून भाषणांत येते, आणि ते योग्यच आहे. पण ते तळाच्या व्यवस्थापनाचेही पत्र आहे. घोडा कोठे तरी उतरणारच, तेव्हा त्याच्या चाऱ्याची सोय राज्याने आधी केली तरच शेतकरी वाचतो, ही त्यामागची व्यवहारदृष्टी आजच्या कारभारात शोधूनही सापडत नाही.

इंग्रजांनी निराळी वाट धरली. १८७१ या एकाच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एकाने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. दुसऱ्याने परक्या रानात शिरलेल्या जनावराला कोंडवाड्यात घालण्याची रीत पक्की केली. त्यातील ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत घोडा, घोडी, शिंगरू, तट्टू, खेचर, गाढव हे सारे नाव घेऊन घातले आहेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता व तेथील कायदे वेगळे होते, तरी कोंडवाडा आणि हजेरी यांची ओळख येथल्या भटक्यांनाही चांगलीच झाली. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पाल ठोकणारा माणूस संशयित, ही वृत्ती मात्र रद्द झाली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकरी ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि मंगळवेढ्याकडून येऊन जवळच पाल टाकून राहिले होते. गावाच्या दप्तरात तळाची जागा असती, तेथे कोण उतरले याची साधी नोंद ग्रामपंचायतीत असती, तर ते पाच जीव वाचलेच असते असे म्हणता येणार नाही. पण अफवेला विचारता येईल असा एक कागद तरी गावात असता.

आश्चर्याची गोष्ट अशी की असा कागद करण्याची तरतूद कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या बाविसाव्या कलमात सरकारी जमीन कोणकोणत्या विशेष कामांसाठी राखून ठेवता येते याची यादी आहे. गावच्या गुरांसाठी मोफत चराई, वैरणीचे राखीव रान, स्मशान, गावठाण, खळे, बाजार यांबरोबरच त्यात तळाची, म्हणजे मुक्काम करण्याची जागा स्पष्ट शब्दांत नमूद केलेली आहे. स्मशानासाठी प्रत्येक गाव भांडते; बाजारासाठी आमदार भांडतात. तळाच्या जागेसाठी भांडणारा त्या गावचा मतदारच नसतो, म्हणून यादीतला तो शब्द कोरडा राहिला आहे.

येथे एका अवघड मुद्द्याला सामोरे जायला हवे. गायराने रिकामी पडून आहेत आणि केवळ नोकरशाहीच्या आळसामुळे ती भटक्यांना मिळत नाहीत, असे चित्र रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाड्यातील गायरानांवर भूमिहीन दलितांनी कसण्याचा हक्क सांगितला, तो दीर्घ लढ्यातून. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि १९६४ चे देशव्यापी आंदोलन दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झाले. पुढे १९७८ व १९९१ च्या शासननिर्णयांनी ठराविक तारखेपूर्वीची अशी वहिवाट नियमित करण्याचा मार्ग काढला. दुसऱ्या निर्णयात ती तारीख १४ एप्रिल १९९० ही आहे. तरीही असंख्य कुटुंबांच्या नावे सातबारा झालेला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, त्यातही शासनाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला होता. हा अपवाद अंमलबजावणीत विसरला जातो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतल्यावर नोटिसा निघाल्या, तेव्हा सर्वांत आधी धास्तावली ती हीच कुटुंबे.

तेव्हा धनगराच्या घोड्यासाठी दलिताचे पीक उठवा, अशी मागणी कोणी केली तर तिला कार्यकर्त्यांनी निःसंदिग्ध विरोध केला पाहिजे. अशी मागणी होणारच नाही असे नाही. गावातील सवर्ण बागायतदाराला गायरान कसणारा दलित खुपत असतोच. त्याला हुसकावण्यासाठी गोरक्षणाचे आणि चराईचे निमित्त यापूर्वीही वापरले गेले आहे. उद्या भटक्यांचे निमित्त वापरले जाईल. दोन गरिबांना एका तुकड्यावर झुंजवण्याचा हा डाव ओळखण्यासाठी गायरानाचे बाकीचे वाटेकरी कोण आहेत हे पाहावे. सरकारी इमारती, बड्यांच्या शिक्षणसंस्था, आणि आता सौर ऊर्जेचे प्रकल्प. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून गायराने सौर प्रकल्पांना भाड्याने देण्याचे धोरण राज्यात राबवले जात आहे. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची रास्त मागणी आहे. परंतु एक मेगावॉट विजेला साधारण चार-पाच एकर जमीन लागते, हे ध्यानात ठेवून पुढचा हिशेब पाहावा.

माहूरपासून माळेगावपर्यंतची वाट दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरांची आहे. लादलेला घोडा आणि मेंढ्यांचा कळप दिवसाला पंधरा किलोमीटर चालतो असे धरले तर या वाटेवर बारा मुक्काम होतात. प्रत्येक मुक्कामाला दोन एकर जागा पुष्कळ झाली. एकंदर चोवीस एकर. एवढी जमीन पाच-सहा मेगावॉटच्या एका सौर प्रकल्पाला जाते. आता पाणी पाहू. एका वाड्यात पंधरा घोडी असली तर साडेचारशे लिटर, पाचशे मेंढ्यांना अडीच हजार लिटर, माणसांना काही शे लिटर. एका रात्रीसाठी एक लहान टँकर. चाऱ्यापैकी मेंढ्यांचा भाग चराईतून निघतो आणि घोड्यांना पाऊणशे किलो वैरण लागते. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधायला भिंग घ्यावे लागेल. जागा दोन रात्रींपुरती हवी आहे, मालकीची नको आहे. वर्षातले बहुतेक दिवस ती गावाच्याच उपयोगाला मोकळी राहील.

व्यवस्था जमणार नाही ही सबबही टिकत नाही. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत याच मराठवाड्यात चारा छावण्या चालल्या. एकेका छावणीत शेकडो गुरे, त्यांचे पाणी, वैरण, पशुवैद्य, कानातले बिल्ले, रोजची हजेरी, हे सारे झाले. त्यात भ्रष्टाचारही झाला, पण अशक्य काही ठरले नाही. त्या छावण्या स्थायिक शेतकऱ्याच्या जनावरांसाठी आखलेल्या होत्या. फिरस्त्याच्या जनावराला गाव नसते, म्हणून त्याला छावणीही नसते.

जगात याची उदाहरणे आहेत. स्पेनमध्ये मेंढपाळांची ‘मेस्ता’ ही संघटना १२७३ मध्ये राजाज्ञेने मान्य झाली आणि कळपांच्या वाटा सरकारी संरक्षणाखाली आल्या. मेस्ता पुढे इतकी बलाढ्य झाली की तिने शेतकऱ्यांना नाडले, हेही सांगितले पाहिजे. पण वाटा राहिल्या. १९९५ च्या स्पॅनिश कायद्याने त्या विकता वा बळकावता न येणारी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. त्यांतील सर्वांत मोठ्या वाटांची रुंदी पंचाहत्तर मीटरपर्यंत आहे. त्याच कायद्याने पायी भटकणाऱ्यांना आणि घोडेस्वारीच्या हौशी लोकांनाही त्या वाटांवर मुभा दिली, मात्र कळपाला अडथळा होता कामा नये या अटीवर. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात गद्दी मेंढपाळांना वनखात्याचे परवाने मिळतात व त्यांत मार्ग नमूद असतो. त्यांतही जाच आहे, पण निदान मार्ग कागदावर आहे.

म्हणूनच घोड्यावरून रानवाटा फिरणाऱ्या हौशी पर्यटकाला शत्रू मानण्याचे कारण नाही. माहूरला त्याच्यासाठी तळ झाला तर होऊ द्यावा. त्याच्या भाड्यातून पाण्याचा हौद बांधला जावा आणि तोच हौद वाड्याच्या घोड्यांनाही खुला असावा. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांत घोडेस्वारांसाठी असलेले नियम पाहण्यासारखे आहेत. घोडा थेट झाडाला न बांधता दोन झाडांमध्ये उंच दोर ताणून त्याला बांधायचा, म्हणजे साल सोलली जात नाही. झाडाभोवती दोराऐवजी रुंद पट्टा घालायचा. तणाचे बी नसलेलीच वैरण आणायची. लीद पांगवून वा उचलून न्यायची. पाण्यापासून दूर उतरायचे. यातले एकही कलम धनगराला अवघड नाही. लीद उचलून न्या असे त्याला सांगावे लागणार नाही, कारण शेजारचा शेतकरीच ती मागायला येईल.

माहूरच्या बाबतीत वनखात्याचा प्रश्न विशेष आहे. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे आणि भोवतीच्या वनात चराईवर निर्बंध आहेत. वन्यजीवांच्या रक्षणासाठी काही जागा पूर्ण बंद ठेवाव्या लागतील हे मान्य केलेच पाहिजे. पाळीव जनावरांचे रोग रानात शिरू नयेत ही चिंताही खरी आहे. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात, सामूहिक हक्कांमध्ये, स्थायिक तसेच फिरत्या चराईचा आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क शब्दशः मान्य केलेला आहे. २००८ च्या नियमांनी तर असेही सांगितले की अशा समाजांच्या दाव्यांची पडताळणी ते लोक प्रत्यक्ष हजर असतील अशा वेळी करावी. हा नियम लिहिणाऱ्याला भटक्याचे जीवन माहीत होते असे म्हणावे लागेल. अंमलबजावणी करणाऱ्याला ते माहीत नाही. दावा ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो, वाडा बारा ग्रामसभांच्या हद्दींतून जातो, आणि त्यांपैकी एकाही सभेत त्याला मत नसते. वैयक्तिक वनहक्काचे दावे आंध, कोलाम, गोंड कुटुंबांसाठी भरून देण्याचे काम किनवट-माहूर भागात अनेकांनी केले. फिरत्या चराईचा सामूहिक दावाही त्याच जोमाने भरला जायला हवा.

काम कोठून सुरू करावे हे यातून उघड होते. मार्गशीर्षात माळेगावला सारे जण आपण होऊन एकत्र येतात. तेथे यात्रेच्या पाच दिवसांत पक्षाच्या तालुका शाखांनी एक टेबल मांडून बसावे आणि प्रत्येक वाड्याला, प्रत्येक घोडेवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: कोठून निघालात, कोठे कोठे उतरलात, कोठून उठवले गेलात. गावाचे नाव, जागेची खूण, पाण्याचा ठिकाणा, एवढे लिहून घ्यावे. पुढच्या दोन महिन्यांत त्या खुणा गटनंबरांशी जुळवाव्यात, जेथे भूमिहीनांची वहिवाट आहे ते तुकडे आधीच वगळावेत, आणि उरलेल्यांसाठी बाविसाव्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गाववार अर्ज करावेत. वनहद्दीतल्या मुक्कामांचे दावे ग्रामसभांकडे द्यावेत. जिल्हा परिषदेकडे माळेगावपुरती मागणी निराळी करावी: तळाच्या जागेवर हौद, सार्वजनिक दराने वैरण, आणि यात्रा संपेपर्यंत पशुवैद्य. उत्तरे लिहून घेताना मात्र पुरुषांपाशी थांबू नये. कोणत्या गावची विहीर माघात आटते, कोणत्या ओढ्याकाठी घोडी चरू देतात आणि कोणत्या गावात रात्री दगड पडतात, हे बिऱ्हाड घेऊन पुढे जाणाऱ्या बायकांना नेमके ठाऊक असते.